जगाचे कोठार आणि सदरची शिधापत्रिका

नागपूर स्थानकाच्या उत्तरेला, सदरच्या वस्तीपासून फारशा दूर नसलेल्या मोहननगराच्या बाजूला, हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई हे देशाचे दोन प्रमुख लोहमार्ग रुळांच्या एका चौकटीत परस्परांना छेदून जातात. ‘डायमंड क्रॉसिंग’ या नावाने रेल्वेच्या अभ्यासकांना ठाऊक असलेल्या या जागेवरून पंजाब-हरियाणाचा गहू दक्षिणेकडे उतरतो, छत्तीसगडचा तांदूळ पश्चिमेकडे जातो, आणि सदरमधल्या जुन्या घरांतून रात्री ऐकू येणारा मालवाघिणींचा लांबत जाणारा खडखडाट पुष्कळदा कोणत्या ना कोणत्या प्रांताच्या पोटापाण्याचाच असतो. देशाच्या अन्नाची चारही दिशांची रहदारी जिच्या दारावरून चालते त्या नगरीला अन्नाची विवंचना असण्याचे कारण नाही, असे कोणाही समंजस माणसाला वाटावे. आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, नागपुरात बसून मध्यप्रांताचा कारभार पाहणाऱ्या सरकारलाही नेमके तसेच वाटत होते. धान्य दारावरून जाणे वेगळे आणि ते घरात येणे वेगळे, हे त्या सरकारला फार उशिरा आणि रयतेच्या खर्चाने कळले.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ साली नागपुरास पोहोचली आणि त्यानंतर दोनच वर्षांनी सुएझचा कालवा खुला झाला. नर्मदेच्या खोऱ्यातला आणि नागपूर-वर्ध्याच्या काळ्या जमिनीतला गहू, जो तोवर बैलगाडीच्या आवाक्यातल्या बाजारातच खपत असे, तो मुंबईच्या बंदरातून युरोपच्या पेठांत जाऊ लागला. १८८० ते १८८२ या अवधीत नागपूर ते राजनांदगाव हा लोहमार्ग तयार झाला, पुढे १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तो आपल्याकडे घेऊन बंगालपर्यंत नेला, आणि छत्तीसगडच्या भाताच्या कोठारालाही बाहेरच्या व्यापाराचे दार उघडले. १८८० च्या दुष्काळ आयोगाची विचारसरणी या सर्व उद्योगाला तात्त्विक आधार देणारी होती: हिंदुस्थानात एकाच वेळी सर्वत्र पीक बुडत नाही, तेव्हा तुटीच्या मुलखात धान्य नेण्याचे काम रेल्वे आणि खाजगी व्यापार करतील, सरकारने गरजूंना काम द्यावे, मजुरी द्यावी, आणि धान्याच्या बाजारात हात घालू नये. ही विचारसरणी मूर्खपणाची खचित नव्हती. दुष्काळात अन्नाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, कामाची व मजुरीची टंचाई असते, हे तिने त्या काळी ओळखले होते, आणि आजच्या अर्थशास्त्रज्ञांनाही ते मान्य आहे. परंतु शास्त्र ओळखणे आणि खजिन्याची पिशवी वेळेवर सोडणे यांत जे अंतर असते, त्या अंतरात मध्यप्रांताची लाखो माणसे सापडली.

१८९३ नंतरची लागोपाठ काही साले अवकाळी पावसाची आणि गव्हावरच्या तांबेऱ्याची गेली. मालगुजारांचे कर्ज वाढले, कुळांचे लगान थकले, घरातली बी-बियाण्याची धान्ये संपली; आणि अशा रितीने सर्व बाजूंनी खंगलेल्या मुलखावर १८९६ साली पावसाने अकाली पाठ फिरवली. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी मध्यप्रांतात मृत्यूने जे थैमान घातले, त्याचे कारण धान्य मुळीच नव्हते असे नाही. धान्य बाजारात होते आणि रुळांवरही होते. परंतु रेल्वेने दूरदूरच्या पेठांचे भाव एकमेकींशी जखडून टाकले होते, त्यामुळे ज्या गावात पीक बुडाले तेथे तर भाव चढलाच, पण जेथे थोडेफार पिकले तेथेही तो चढला. आणि ज्याच्या हाताला काम नाही त्या शेतमजुराच्या, कोष्ट्याच्या, गोंडाच्या दृष्टीने दहा कोसांवरचे धान्य आणि हजार कोसांवरचे धान्य सारखेच अप्राप्य झाले. या प्रकरणातली सर्वांत बोधक गोष्ट त्यानंतर तीन वर्षांनी घडली. १८९९ साली पावसाने दिलेला दगा १८९६ पेक्षाही भयंकर होता, पिके अधिक साफ बुडाली होती. तथापि या खेपेस प्रांतिक सरकारने पूर्वीच्या दुष्काळाची धास्ती घेऊन मदतीची कामे लवकर उघडली, हात सैल सोडला, स्वयंपाकगृहे चालवली, १९०० च्या उन्हाळ्यात वीस लाखांहून अधिक माणसे सरकारी मदतीवर होती, आणि मृत्यूचे प्रमाण आधीच्या दुष्काळाच्या मानाने उतरले. पीक कमी आणि मरण कमी, असे हे उलटे त्रैराशिक होते. उपासमार, पटकी, हिवताप आणि परागंदा होणारी कुटुंबे या सर्वांचा हिशेब १९०१ च्या खानेसुमारीत उतरला, तेव्हा दहा वर्षांत प्रांताची लोकसंख्या सुमारे ८ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले.

ही जुनी कैफियत इतक्या विस्ताराने मांडण्याचे प्रयोजन असे की, जागतिक अन्नपुरवठ्याविषयी आज जी चर्चा वृत्तपत्रांतून वाचावयास मिळते ती बहुतांशी उत्पादनाच्या आकड्यांवर येऊन थांबते. २०५० साली माणसे किती होतील आणि त्यांना किती टन धान्य लागेल, हा प्रश्न विचारण्यासारखा आहेच. परंतु आजचाच हिशेब घ्यावा. जगात दरवर्षी सुमारे २८० कोटी टन तृणधान्य पिकते आणि माणसे आहेत ८०० कोटींच्या थोडी वर; म्हणजे माणशी वर्षाला सुमारे ३५० किलो, दिवसाला जवळजवळ एक किलो. कोणतेही धडधाकट पोट यापेक्षा अधिक धान्य रोज खाऊ शकत नाही. तरीही संयुक्त राष्ट्रसंघाच्या अन्न व कृषी संघटनेने आणि तिच्या सहयोगी संस्थांनी प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२४ साली जगात सुमारे ६७ कोटी ३० लाख माणसे भुकेली होती, आणि पौष्टिक आहार ज्यांच्या ऐपतीबाहेर आहे अशांची संख्या सुमारे २६० कोटी होती. उरलेले धान्य कोठे जाते? त्याचा फार मोठा हिस्सा कोंबड्या, डुकरे आणि दुभत्या जनावरांच्या खाद्यात जातो. अमेरिकेत पिकणाऱ्या मक्याचा सुमारे तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक मोटारींच्या इंधनात मिसळण्याच्या मद्यार्कासाठी जातो. आणि २०२२ साली घरे, दुकाने व उपाहारगृहे मिळून १०० कोटी टनांहून अधिक अन्न वाया गेल्याचा अंदाज आहे. मागणी वाढते आहे ती नुसत्या तोंडांची नव्हे. ज्यांच्या हाती पैसा आला त्यांच्या ताटाची आणि वाहनाची मागणी अधिक वेगाने वाढते आहे, आणि बाजाराला या दोहोंतला व भाकरीतला भेद कळत नाही. तो कळावा अशी बाजाराकडून अपेक्षाही नसावी.

हिंदुस्थान सरकारला हा भेद करणे भाग पडले ते दुसऱ्या महायुद्धात. १९४३ साली बंगालमध्ये सुमारे ३० लाख माणसे मेली, आणि त्याच वर्षी नेमलेल्या अन्नधान्य धोरण समितीने शहरांतून शिधावाटप करण्याची शिफारस केली. तेव्हापासूनचा ‘कंट्रोल’ हा शब्द विदर्भातल्या वयस्क मंडळींच्या तोंडून अद्याप गेलेला नाही; स्वस्त धान्य दुकानाला ‘कंट्रोलचे दुकान’ आणि तेथल्या तांदळाला ‘कंट्रोलचा तांदूळ’ म्हणणारी माणसे सदर-गड्डीगोदामच्या गल्ल्यांतून आजही भेटतात. स्वातंत्र्यानंतर गांधीजींच्या आग्रहाने १९४७ च्या डिसेंबरात नियंत्रणे उठली, भाव भडकले, पुढच्याच वर्षी ती पुन्हा बसली, आणि १९५४ च्या सुमारास रफी अहमद किडवाई यांच्या कारकीर्दीत पुन्हा सैल झाली. हा खेळ पुढेही चालू राहता. परंतु १९६५ आणि १९६६ या लागोपाठच्या दोन अवर्षणांनी सरकारची झोप उडवली. १९६६ साली सुमारे एक कोटी टन धान्य परदेशातून, मुख्यतः अमेरिकेच्या पब्लिक लॉ ४८० या कायद्याखाली, आणावे लागले. आणि ते कोणत्या महिन्यात किती सोडावयाचे याचा निर्णय वॉशिंग्टनमध्ये होत असे. भारतीय अन्न महामंडळाची स्थापना १४ जानेवारी १९६५ रोजी झाली. त्यानंतरच्या वर्षी मेक्सिकोहून अठरा हजार टन बुटक्या गव्हाचे बियाणे आले, आणि मग पंजाबात जे घडले ते सर्वश्रुत आहे. आज नागपूरच्या अजनी भागात महामंडळाची जी गोदामे उभी आहेत, ती या सर्व इतिहासाची विटा-सिमेंटातील फलश्रुती होय.

महाराष्ट्राने स्वतःच्या अनुभवातून या व्यवस्थेत भर घातली ती १९७२ च्या दुष्काळात. त्या वेळी ज्यांनी खडी फोडली आणि ‘मिलो’ नावाच्या परदेशी लाल ज्वारीची भाकर खाल्ली, त्या पिढीला तिची चव अजून आठवते, आणि ती चव चांगली होती असे सांगणारा मनुष्य प्रस्तुत लेखकाला भेटलेला नाही. पण १९७३ च्या मे महिन्यात राज्यातील दुष्काळी कामांवर ५० लाखांच्या आसपास मजूर होते, आणि मध्यप्रांतात १८९७ साली जे झाले ते येथे झाले नाही. कामाचा हक्क कायद्यात आणण्याची वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना याच काळात पक्की झाली. तिचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला, आणि पुढे देशाने तो उचलला.

आता सदरच्या मंगळवारी बाजारात महिन्याचे सामान भरणाऱ्या एखाद्या गृहिणीची पिशवी पाहू. कारण जागतिक अन्नव्यवस्था समजून घेण्यासाठी तिच्याइतका सोयीस्कर दस्तऐवज दुसरा नाही. तांदूळ बहुधा जवळचा असतो: भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानपट्ट्यातला एचएमटी, जयश्रीराम, क्वचित चिन्नोर. गहू मध्य प्रदेशातला, सिहोर-विदिशेकडचा शरबती, नाहीतर साधा लोकवन. येथवर सर्व देशी कारभार आहे. तुरीच्या डाळीपाशी तो बदलतो. तूर हे विदर्भाचे घरचे पीक आणि डाळीच्या गिरण्याही नागपूर-अकोल्याकडच्या. तथापि देशाची गरज भागत नसल्यामुळे म्यानमार, टांझानिया, मलावी आणि मोझांबिक येथून तूर येते, आणि मोझांबिकशी तर २०१६ साली भारत सरकारने तसा रीतसर करार केलेला आहे. त्यामुळे वरणाच्या वाटीत वर्धा किती आणि आफ्रिका किती, हे आता गिरणीवाल्यालाच ठाऊक. तेलाच्या पुड्यापाशी मात्र संशयाला जागा उरत नाही. देशात खपणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे वर्षाला दीड कोटी टनांच्या घरातले तेल, बाहेरून येते: पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून, सोयाबीनचे अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफुलाचे रशिया-युक्रेनमधून.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर स्वारी केली तेव्हा काळ्या समुद्रातील बंदरे बंद झाली, सूर्यफुलाच्या तेलाचा तुटवडा पडला, गिऱ्हाईक पामतेलाकडे वळले. त्यावर आपल्या प्रजेला तेल महाग पडू नये म्हणून इंडोनेशियाने २८ एप्रिलपासून पामतेलाची निर्यातच थांबवली, आणि ती बंदी तीन-साडेतीन आठवडे टिकली. रेसिडेन्सी रोडवरच्या हॉटेलवाल्यापासून तर्री-पोहे विकणाऱ्या गाडीवाल्यापर्यंत ज्यांना तेलाचा डबा लागतो त्या सर्वांच्या हिशेबात त्या वसंत ऋतूत एक नवी ओळ चढली, आणि ती ओळ लिहिणारे हात कीव्ह व जकार्ता येथे होते. त्याच वर्षी १३ मे रोजी भारतानेही गव्हाची निर्यात बंद केली, कारण मार्चमधल्या अकाली उष्म्याने उत्तरेकडचा दाणा आवळला होता. इंडोनेशियाला नावे ठेवणाऱ्यांना मग फारसे बोलता आले नाही.

या तेलाच्या गोष्टीत वैदर्भी माणसाला बोचणारा एक विशेष आहे. ज्या जमिनीत पन्नास वर्षांपूर्वी ज्वारी, तूर, जवस आणि भुईमूग होता, त्या जमिनीत गेल्या चार दशकांत सोयाबीन पसरले. घरात ज्वारीची भाकर होती, गोठ्यात कडबा होता, जवसाचे तेल घाणीवरून येत होते. आता शेतात जे पिकते ते तसेच्या तसे घरात खाता येत नाही. सोयाबीनच्या दाण्यात तेल सुमारे अठरा-वीस टक्के, उरते ती पेंड, आणि ती कोंबड्यांच्या खाद्यात जाते. म्हणून त्याचा भाव शिकागोच्या वायदेबाजारावर, अर्जेंटिनाच्या पावसावर आणि देशातल्या कुक्कुटपालकांच्या नफा-तोट्यावर हेलकावत राहतो. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना विदर्भातल्या पुष्कळ शेतकऱ्यांनी तो त्याहून कितीतरी कमी भावात अडत्याच्या काट्यावर घातला. त्याच सप्टेंबरात केंद्र सरकारने शेतकऱ्याच्या भल्यासाठी कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयातशुल्क शून्यावरून २० टक्के केले, तेल महागले, गृहिणी कुरकुरली. आणि २०२५ च्या मे अखेरीस तेच शुल्क ग्राहकाच्या भल्यासाठी १० टक्क्यांवर आणले. दोन्ही हुकूम आपापल्या परीने योग्यच होते. एकाच घरातला भाऊ वर्ध्याला सोयाबीन पिकवतो आणि बहीण सदरमध्ये तेल विकत घेते, अशा समाजाला दोघांच्याही मनासारखे शुल्क कोणता अर्थमंत्री लावून दाखवणार आहे?

धानपट्ट्याची गोष्ट याहून आशादायक आहे, आणि तिचे श्रेय सरकारी दप्तरांपेक्षा इतरांकडे अधिक जाते. गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजाने बांधलेले आणि पुढे मालगुजारांच्या ताब्यात राहिलेले सहा हजारांहून अधिक तलाव पूर्व विदर्भात आहेत. मालगुजारी पद्धत १९५० च्या कायद्याने गेल्यावर ते ‘माजी मालगुजारी’, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘मामा’ तलाव झाले, कित्येक गाळाने भरले, तरी धानाला शेवटचे पाणी पुष्कळ ठिकाणी अजून तेच देतात. गोसीखुर्द धरणाची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी बसली. त्याचे कालवे किती वर्षे रखडले, तो स्वतंत्र लेखाचा, किंबहुना ग्रंथाचा, विषय आहे. आणि ज्या एचएमटी तांदळाचा उल्लेख वर आला, तो कोणा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत जन्मलेला नाही. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातील नांदेड या खेड्यातले अल्पशिक्षित, अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ च्या सुमारास आपल्या शेतातल्या ‘पटेल ३’ जातीच्या धानात काही निराळ्या लोंब्या हेरल्या, त्यांचे बी वेगळे राखले, वर्षानुवर्षे निवडीने शुद्ध केले, आणि मनगटी घड्याळाच्या नावावरून त्या वाणाला एचएमटी हे नाव पडले. पुरस्कार मिळाले, परदेशी नियतकालिकाने नाव छापले. परंतु २०१८ च्या जूनमध्ये ते वारले तेव्हा त्यांची सांपत्तिक स्थिती काय होती, हे त्या दिवसांची वृत्तपत्रे चाळणाऱ्यास दिसून येईल. अन्नसुरक्षेवर परिषदा भरवणाऱ्यांनी या एका मनुष्याच्या नावे एखादी पेन्शन बांधली असती, तर निदान परिषदेचा भोजनखर्च सत्कारणी लागला असता.

त्याच बांधीत धान कापण्याच्या आधी, ओल असतानाच, फेकून पेरले जाणारे एक कडधान्य आहे, ते म्हणजे लाखोळी. नांगरट नको, खत नको, पाणी नको. पाऊस दगा देवो की अतिरेक करो, लाखोळी काहीतरी देतेच. म्हणूनच १८९६ नंतरच्या त्या भीषण वर्षांत मध्यप्रांतातल्या गरिबांचे पोट तिने भरले, आणि महिनोन्महिने दुसरे काही न मिळता केवळ तीच खाल्ल्यामुळे शेकडो माणसांचे पाय कायमचे लुळे पडले. अँड्र्यू ब्युकॅनन या सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याने १८९६ ते १९०२ या काळातील या व्याधीवर मध्यप्रांताचा स्वतंत्र अहवालच लिहिला. डाळीतील एका विषारी द्रव्याचा हा दोष असल्याचे पुढे सिद्ध झाले, आणि १९६१ साली केंद्र सरकारने तिच्या विक्रीवर बंदी आणली. बंदीने पीक थांबले नाही, केवळ त्याचा व्यापार चोरटा झाला. आणि नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी, ही डाळ मिश्र आहारात अपायकारक नसून बंदीने गरिबांचे प्रथिन हिरावले जाते, असे म्हणत अनेक वर्षे उपोषणे आणि दरबारी अर्ज यांचा धडाका लावला. दरम्यान विषारी अंश अल्प असलेले ‘रतन’, ‘प्रतीक’, ‘महातिवडा’ असे वाण शास्त्रज्ञांनी काढले. कोठारी यांचे सर्वच म्हणणे ग्राह्य धरावे असे माझे मत नाही. विषाचा प्रश्न उपोषणाने सुटत नसतो. परंतु माणसे लुळी पडली ती लाखोळी खाल्ल्याने नव्हे, तर लाखोळीवाचून दुसरे काही खायला नसल्याने, एवढा भेद बंदीचा हुकूम काढणाऱ्यांनी ध्यानी घ्यावयास हवा होता. अन्नाचे वैविध्य ज्याच्या ऐपतीत आहे, त्याला निसर्गातली पुष्कळशी विषे बाधत नाहीत.

धानाच्या या मुलखाला जगाच्या भुकेशी जोडणारा धागा २०२३ साली सर्वांना दिसला. जगात जेवढा तांदूळ देशोदेशी विकला जातो त्यापैकी सुमारे ४० टक्के एकटा भारत विकतो. एल निनोच्या भीतीने आणि निवडणुकीपूर्वीच्या महागाईच्या धसक्याने २० जुलै २०२३ रोजी भारताने बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली; ऑगस्टात उकडा तांदूळ वीस टक्के शुल्काखाली आला; आणि आशियातील तांदळाचा भाव पंधरा वर्षांतल्या उच्चांकाला जाऊन भिडला. पश्चिम आफ्रिकेत ज्यांचे रोजचे जेवण याच तांदळावर चालते त्यांनी गोंदियाचे नाव कधी ऐकलेले नसेल, आणि गोंदियाच्या गिरणीवाल्यानेही त्यांच्या बाजाराची चौकशी क्वचितच केली असेल. तरी त्या हुकुमाने दोघांनाही एकाच दिवशी गाठले. बंदी २८ सप्टेंबर २०२४ रोजी उठली, तेव्हा सरकारी कोठारे इतकी तुडुंब होती की महामंडळाचा तांदूळ इथेनॉलच्या कारखान्यांना देण्याची तजवीज करावी लागली. परकीयांना तांदूळ नाकारून आपल्या गरिबांसाठी राखावा, यात गैर काही नाही. राखलेला तांदूळ मोटारीच्या टाकीत जावा, हे मात्र कोणत्या न्यायाने समर्थनीय ठरते ते समजत नाही.

आपल्या गरिबांसाठी म्हणून जी व्यवस्था आहे, तिचा पाया २०१३ चा राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा होय. १९५०-५१ साली देशात ५ कोटी ८ लाख टन अन्नधान्य पिकत होते, २०२३-२४ साली ते ३३ कोटी टनांच्या वर गेले; म्हणून असा कायदा करण्याची ऐपत आली, हे विसरून चालणार नाही. प्राधान्य कुटुंबातील माणशी दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबास दरमहा ३५ किलो धान्य हा त्याने हक्क ठरवला. १ जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य मिळते, आणि देशात सुमारे ८१ कोटी लोक या कक्षेत येतात. सदरमधल्या एखाद्या रास्तभाव दुकानासमोर महिन्याच्या मध्यात उभे राहिले तर या प्रचंड आकड्याचे घरगुती स्वरूप दिसते: नियतन आले की नाही याची चौकशी, ई-पॉस यंत्रावर न उमटणारा धुणीभांडी करणाऱ्या बाईचा झिजलेला अंगठा, पोषणद्रव्ये मिसळलेले दाणे ‘प्लास्टिकचे’ म्हणून वेचून फेकणारी आजी, आणि छत्तीसगडचे कार्ड येथे चालते हे ऐकून आधी विश्वास न बसलेला बांधकामावरचा मजूर. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजनेचा आरंभ ऑगस्ट २०१९ मध्ये ज्या राज्यांच्या जोड्यांत झाला त्यांत गुजरात-महाराष्ट्र ही एक जोडी होती, आणि ज्यांचे पोट गावापासून दूर भरते त्यांच्यासाठी गेल्या काही वर्षांतली ही सर्वांत उपयुक्त सुधारणा आहे, असे म्हणण्यास मला संकोच वाटत नाही. उणीव आहे ती पदार्थांची. तांदूळ आणि गहू मिळतो, डाळ आणि तेल मिळत नाही. सणासुदीला ‘आनंदाचा शिधा’ म्हणून शंभर रुपयांत रवा, साखर, चणाडाळ आणि पामतेल मिळू लागले होते ते २०२२ च्या दिवाळीपासून, पण दिवाळी वर्षातून एकदा येते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आढळली. कोठारे भरलेली असतानाचा हा आकडा आहे, आणि नुसत्या तांदूळ-गव्हाने तो उतरणारा नाही.

त्याहून मोठी अडचण कागदावरची आहे. कायद्याखाली महाराष्ट्राच्या वाट्याला आलेली संख्या, ग्रामीण भागात ७६.३२ टक्के आणि शहरी भागात ४५.३४ टक्क्यांच्या आसपास, मिळून सुमारे ७ कोटी १७ हजार माणसे, ही २०११ च्या जनगणनेवर आधारलेली आहे. पुरवठा खात्याच्या भाषेत तिला ‘इष्टांक’ म्हणतात. त्यानंतर नागपूर वाढले, लग्ने झाली, मुले जन्मली, कुटुंबे विभक्त झाली, बालाघाट-छिंदवाड्याकडून माणसे येऊन स्थायिक झाली; इष्टांक जागचा हलला नाही. त्यामुळे नवे नाव चढवण्याचा अर्ज सर्व कागदपत्रांनिशी बरोबर असला, तरी कोणाचे तरी नाव मृत्यूने, स्थलांतराने किंवा पडताळणीत गळाल्याखेरीज त्याला जागा होत नाही, आणि अर्जदाराला दप्तरातून मिळणारे उत्तर ‘इष्टांक शिल्लक नाही’ एवढेच असते. पुढील जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ हा ठरलेला आहे. तिचे आकडे प्रसिद्ध होतील, केंद्र सरकार राज्यांचे इष्टांक नव्याने ठरवील, राज्य ते जिल्ह्यांत वाटील, आणि मग ते अन्नधान्य वितरण अधिकाऱ्याच्या टेबलावर पोहोचतील; तोपर्यंत सदरच्या मागच्या गल्लीतल्या त्या अर्जांवर निर्णय व्हावयाचा आहे.